झाकलेल्या नावाची स्लाइड

१२ जून

वहिनी,

आधी निकाल सांगते, गप्पा मागून. तुझ्या गळ्यावरच्या गाठीत काही नाही. थायरॉइडची साधी सूज आहे. अशा गाठी कितीतरी बायकांच्या गळ्यात असतात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. तुमच्या डॉक्टरांनी सुईने जे काढून पाठवलं ते मी स्वतः बघितलं, लॅबमध्ये दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. रिपोर्ट कालच त्यांच्याकडे गेला. तेव्हा दादाला म्हणावं, येरझारा बंद कर, फरशी झिजेल.

हे खरं तर फोनवर सांगायचं होतं. पण हल्ली तुमच्याकडे फोन लावला की दादाच उचलतो आणि "ती कामात आहे" म्हणतो. तू कधीपासून एवढी कामसू झालीस? पूर्वी तू फोनवर आलीस की माझा कान तापायचा.

माझ्याकडे एक नवीन काम आलंय आणि त्यापायी मी सगळ्यांच्या डोळ्यांत सलते आहे. आम्ही पॅथॉलॉजीवाले काय करतो ते तुला माहीतच आहे. माणसाच्या अंगातल्या पेशी काचेवर पसरून आमच्याकडे येतात, आम्ही मायक्रोस्कोपखाली बघून रोगाचं नाव सांगतो आणि त्या माणसाचं पुढे काय करायचं ते त्यावर ठरतं. तर आम्ही किती वेळा बरोबर असतो हे मी मोजावं, असं हॉस्पिटलचं म्हणणं आहे. आमच्या सरांना विचारलं तर म्हणाले, "शंभरात अठ्ठ्याण्णव." मी म्हटलं, "कसं मोजलं?" म्हणाले, "मोजायला कशाला पाहिजे? अनुभव आहे."

मी एक प्रयोग करून बघितला. एकाने वाचलेल्या स्लाइड दुसऱ्याला वाचायला दिल्या. सगळं जुळलं, अगदी सगळं. आनंद व्हायच्या ऐवजी मला संशय आला. मग लक्षात आलं, पहिल्याने शंकेच्या जागी काचेवर शाईचा ठिपका दिलेला असतो आणि रिपोर्टखाली त्याची सही असते. सरांची सही समोर दिसत असताना "सर चुकले" असं लिहिणारा माणूस आमच्याकडे अजून जन्माला यायचा आहे. यावर काय करावं ते सुचत नाही. तू एवढी वर्षं पोरांना मार्क देते आहेस, तूच काहीतरी सांग.

तुझी
शहाणी


२१ जून

शहाणे,

तुझं हे नाव मी ठेवलं तेव्हा तू आठवीत होतीस आणि नव्या वहिनीला घरात पाऊल टाकल्या टाकल्या गणित शिकवायला निघाली होतीस. सासूबाई गेल्यावर तुझ्या वेण्या घातल्या, तुझ्या शाळेत पालक म्हणून सह्या केल्या, आणि आज तू माझ्या गळ्याचा निकाल लावतेस. बरं वाटलं.  

इथले डॉक्टर स्लाइड दुसरीकडे कुठेतरी पाठवत होते. मी म्हटलं, माझी नणंद तिथे बसली आहे, तिच्याकडेच पाठवा. तिने बघितलं म्हणजे झालं.

फोनचं म्हणशील तर मला आता पत्रंच बरी वाटतात. फोनवर तू "हो, हो" म्हणतेस आणि लक्ष भलतीकडे असतं. पत्र निदान वाचावं तरी लागतं.

आता तुझ्या मोजणीचं. आमच्या मुख्याध्यापकांची मुलगी माझ्या वर्गात होती तेव्हाची गोष्ट. तिचे निबंध मला फार आवडायचे. एकदा पेपरांचे कोपरे दुमडलेले होते, नावं दिसत नव्हती, आणि तिच्या निबंधाला मी जेमतेम पासापुरते मार्क दिले. कोपरा उलगडल्यावर मला घाम फुटला. तेव्हापासून मी कोपरा दुमडून त्यावर टाचणी मारते. पुढे एकदा तेच पेपर सुट्टीनंतर पुन्हा तपासले, तर माझे पहिले मार्क आणि दुसरे मार्क जुळेनात. म्हणजे बघ, इतरांचं राहू दे, माझं माझ्याशीच पटत नव्हतं.

तेव्हा तुझ्या डॉक्टरांना एकमेकांच्या स्लाइड देऊ नकोस. त्यांच्याच जुन्या स्लाइड ठिपके पुसून, नाव झाकून, रोजच्या कामात मिसळून दे. काय होतं ते मला कळव. मास्तरांचे पेपर तपासायला मिळणं हे माझं जुनं स्वप्न आहे.

वहिनी


९ सप्टेंबर

वहिनी,

तुझ्या टाचणीने आमच्याकडे धुमाकूळ घातला आहे.

आमच्या टेक्निशियनबाई जुन्या स्लाइड काढतात, ठिपके पुसतात, नावावर नव्या नंबराची चिठ्ठी चिकटवतात आणि रोजच्या ट्रेमध्ये घालून देतात. कोणती जुनी आणि कोणती आजची, हे वाचणाऱ्याला कळत नाही. मलाही नाही, कारण मीही वाचतेच. नंतर बाई चिठ्ठी काढतात आणि पहिला रिपोर्ट नि दुसरा रिपोर्ट शेजारी ठेवतात.

सरांचं सरांशी पटलं नाही. "जुन्या स्लाइडचा रंग उडतो," म्हणाले. मी म्हटलं, "सर, रंग उडाला तर रोग दिसेनासा होईल. तुम्हाला तर नव्याने दिसला."  पण गंमत बाजूला ठेवू. एका आजोबांना त्यामुळे परत बोलावता आलं आणि त्यांचे उपचार सुरू झाले. मोजलं नसतं तर ते घरी "काही नाही" म्हणत बसले असते.

मी दोन नियम केलेत. एक, फरक सापडला की त्याच दिवशी त्या पेशंटच्या डॉक्टरला फोन करायचा. दुसरा, शुक्रवारच्या बैठकीत चर्चा नंबराची करायची, माणसाची नाही. पहिल्यांदा कोणी वाचली ते फक्त बाईंना आणि ज्याची त्याला माहीत. नाहीतर कोणी तोंड उघडणार नाही. हा दुसरा नियम मला फार आवडला आहे. सगळे मोकळेपणी बोलतात. मे महिन्यात आलेली नवी डॉक्टर, जी "गुड मॉर्निंग"सुद्धा विचारून म्हणते, तीही परवा बोलली.

आणि माझी अजून एकही निघालेली नाही, बरं का. सरांना हे मी मुद्दाम सांगितलं नाही. कोणीतरी सांगितलंच असेल.

तुझी
शहाणी


५ ऑक्टोबर

शहाणे,

नाकाने कांदे सोलू नकोस. ज्याची चूक सापडत नाही त्याची शोधलेली नसते, एवढं मी इतक्या वर्षांच्या पेपरांवरून सांगते.

शाळेत काम फार आहे. हल्ली धडा मी वाचत नाही, मुलींकडून वाचून घेते. त्यांना सवय होते आणि मला खुर्ची मिळते. गाठ आहे तिथेच आहे, घर न सोडणाऱ्या भाडेकरूसारखी. तू "काही नाही" म्हणालीस, तेव्हा मी तिच्याकडे कानाडोळा करते. दादाचा गुडघा दुखतो, त्याला मात्र सगळं घर बघत असतं.

पत्र लहान आहे म्हणून रागावू नकोस.

वहिनी


१ डिसेंबर

वहिनी,

खूप दिवसांत तू इकडे आली नाहीस. या आठवड्यात ये ना. शाळेला रजा टाक. दादा नाही आला तरी चालेल, तू एकटी ये.

आलीसच तर तुझ्या गाठीतलं पुन्हा एकदा सुईने काढून घेऊ. काळजीचं काही नाही. जूनमध्ये जे आलं होतं ते जरा कमी होतं, आणि आम्ही हल्ली अशा सगळ्यांचंच पुन्हा करतो. नवीन पद्धत आहे. इथले सर्जन माझ्या ओळखीचे आहेत, तेही एकदा हात लावून बघतील. एकदा सगळं नीट बघून टाकलं की डोक्याला ताप नाही.

इथे हवा छान आहे. खिडकीत नवीन कुंड्या आणल्या आहेत. तू म्हणशील, ही आणि कुंड्या? पण आणल्या आहेत. ये म्हणजे बघशील.

नक्की ये. दोन ओळी लिही कधी येतेस ते.

शहाणी


९ डिसेंबर

शहाणे,

कोण आहे तो?

तू आणि कुंड्या? मी तुला हाताने वाढवली आहे. तुला पत्रात हवेबद्दल लिहायची वेळ आली म्हणजे काहीतरी शिजतं आहे. "दादा नाही आला तरी चालेल," "एकटी ये," आणि वर बिचाऱ्या माझ्या गाठीचं निमित्त. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. दादाला मी काही बोलले नाही. एवढ्या वर्षांनी तुला कोणी आवडला असेल तर मी त्याच्यासाठी उड्या मारत येईन, फक्त डॉक्टर नसला तर बरं.

पण आत्ता नाही. चाचणी परीक्षेचे पेपर माझ्यासमोर डोंगरासारखे पडलेत, मग स्नेहसंमेलन, मग वार्षिक परीक्षा. ती झाली की येते आणि चांगली महिनाभर राहते. गाठीला काही घाई नाही, तूच म्हणालीस. पुन्हा सुई टोचून घ्यायची मला हौसही नाही.

त्याचा फोटो पाठव.

वहिनी


१३ डिसेंबर

वहिनी,

कोणी नाही. असता तर बरं झालं असतं.

माझं मागचं पत्र खोटं होतं. नवीन पद्धत वगैरे काही नाही. तुझ्या गाठीत कॅन्सर आहे. थायरॉइडचा कॅन्सर बहुतेक वेळा ऑपरेशनने आटोक्यात येतो, आणि हे मी तुला धीर द्यायला म्हणत नाही, पण माझ्या शब्दावर विसंबू नकोस. सर्जनला विचार. तुमच्या डॉक्टरांना आज सकाळी मी फोन केला आहे. हे पत्र मिळेल त्याच दिवशी त्यांच्याकडे जा. पेपर तसेच राहू देत.

आता कसं कळलं ते लिहिते. लिहिताना मान वर होत नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी माझ्या ट्रेमध्ये एक स्लाइड आली. चिठ्ठीवर नुसता नंबर. थोड्याच पेशी होत्या, पण कोपऱ्यातला एक पुंजका बघून मी थांबले. दुसरं भिंग फिरवलं. पेशींच्या केंद्रात चिरा होत्या, जशा त्या कॅन्सरमध्ये असतात. मला शंका वाटली नाही, एकदाही नाही. ठिपका दिला, रिपोर्ट लिहिला, आणि मनात म्हटलंसुद्धा, ही जुनी असेल आणि कोणाची सुटली असेल, तर डोळे कुठे होते त्याचे. बाईंनी चिठ्ठी काढली. खाली तुझं नाव होतं आणि जूनच्या रिपोर्टवर माझी सही.

तो पुंजका मी जूनमध्येही बघितला होता, वहिनी. मला आठवतं. वाळताना पेशी बिघडल्या असतील, असं म्हणून मी काच पुढे सरकवली होती. तिथे दुसऱ्या कोणाचं नाव असतं तर मी थांबले असते. तुझं होतं म्हणून मला काही दिसायलाच नको होतं. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही, असं तुला ऐटीत लिहिलं होतं ना मी? लावू दिला असता तर बरं झालं असतं.

एवढ्यावर थांबले असते तर ही चूक होती. पुढचं काय म्हणायचं मला कळत नाही. फरक सापडला की त्याच दिवशी डॉक्टरला फोन, हा नियम माझाच. बाई फोन उचलत होत्या. मी म्हटलं, "राहू दे, माझ्या घरचं आहे, मी करते." आणि केला नाही. आधी तुला इकडे बोलावून घ्यावं, पुन्हा सुई घालावी, नवीन रिपोर्ट यावा आणि जुना कोणी बघूच नये, असा माझा बेत होता. तुला कुंड्यांबद्दल लिहीत होते तेव्हा माझ्या डोक्यात हे चाललं होतं. तुझा जीव टांगणीला आणि मी माझी कातडी वाचवत होते. तू पत्रात त्याचा फोटो मागितलास तेव्हा मला माझं तोंड आरशात बघवेना.

अजून एक आहे. त्या आठवड्याच्या बैठकीत तुझा नंबर पडद्यावर आला. "हे कसं सुटलं?" असं सर म्हणाले आणि सगळ्यांनी नव्या डॉक्टरकडे बघितलं. कोणी काही बोललं नाही, नियमच आहे ना तसा. तिचा चेहरा पांढरा पडला. मी समोरच्या पेल्यातलं पाणी प्यायले.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोन दादाने उचलला असता. भित्रेपणा हाही.

लवकर निघ.


१७ डिसेंबर

तुझं पत्र वाचलं. तिने दाखवलं नाही, मी घेऊन वाचलं.

आम्ही येतो आहोत. डॉक्टरांनी तुमच्याच हॉस्पिटलातल्या सर्जनचं नाव दिलं आहे, दुसरीकडे जायला आता वेळ नाही. तुझ्याकडे उतरणार नाही, जागेची सोय झाली आहे. वॉर्डात येऊ नकोस.

आई गेली तेव्हा तू लहान होतीस. तुझ्या वहिनीने तुला काही कमी पडू दिलं नाही. एवढं लक्षात असू दे.

दादा


३० डिसेंबर, वॉर्डातून

शहाणे,

तुझी लॅब पहिल्या मजल्यावर आणि मी तिसऱ्या. तरी पत्र लिहावं लागतंय. वॉर्डातल्या मावशींना म्हटलं, खाली एक डॉक्टर आहे, तिला द्याल का? त्यांना वाटलं काहीतरी तक्रार आहे, खुशीने तयार झाल्या.

परवा ऑपरेशन आहे. तुझं पत्र वाचून मी तुला खूप शिव्या दिल्या. तोंडाने दिल्या असत्या तर तुला तिकडे ऐकू आल्या असत्या, पण तेच तर सांगायचं आहे.

मे महिन्यापासून माझा आवाज बसला आहे. सर्दीने बसतो तसा नव्हे. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचेना, म्हणून मुलींकडून वाचून घ्यायला लागले. फोनवर तुला लगेच कळलं असतं, म्हणून मी फोनवर येत नव्हते. दादाला वाटलं घसा खराब आहे. डॉक्टरांनी विचारलं, "आवाजात काही फरक?" मी म्हटलं, "मास्तरणीचा आवाज आहे, ओरडून ओरडून असाच झालाय." त्यांनी विचारलं, "गाठ कधीपासून?" मी म्हटलं, "कित्येक वर्षं आहे." ती मार्चपर्यंत नव्हती.

मला "काही नाही" एवढंच ऐकायचं होतं. आणि ते मला कोण सांगेल हे मला ठाऊक होतं. स्लाइड तुझ्याकडेच पाठवा, हा हट्ट मी त्यासाठी धरला. तुझा माझ्यावर जीव आहे, त्याचा मी वापर केला. नाव झाकून पेपर तपासावेत असं तुला शिकवणारी बाई स्वतःचा पेपर ओळखीच्या परीक्षकाकडे पाठवत होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

सर्जन म्हणतात, गाठ आवाजाच्या नसेला चिकटली असावी. नस वाचेल की नाही ते उघडल्यावर कळेल. दादाने विचारलं, "जूनमध्ये केलं असतं तर वाचली असती का?" ते म्हणाले, "सांगता येणार नाही." तू मोजणारी आहेस, तुला हे सोसणार नाही, पण हे कोणालाच मोजता येणार नाही असं दिसतं.

तुझं ओझं हलकं व्हावं म्हणून हे लिहिलं, असं समजू नकोस. मला लाज वाटते म्हणून लिहिलं. तुझी तुझ्याकडे ठेव, माझी माझ्याकडे. नणंद-भावजयीत वाटण्या कधी सरळ झाल्या आहेत?

दादाला आवाजाचं हे मी अजून सांगितलेलं नाही. सगळा दोष तुझाच, असं तो धरून बसला आहे आणि आज तरी ते मला सोयीचं आहे. हेही लिहून टाकते.

वहिनी


६ जानेवारी

वहिनी,

तुला स्ट्रेचरवरून नेलं तेव्हा मी त्या मजल्यावर होते. दादाने येऊ नकोस म्हटलं होतं, म्हणून लिफ्टजवळच्या खांबाआड उभी राहिले. स्वतःच्या हॉस्पिटलात लपून उभी होते. एका वॉर्डबॉयने विचारलं, "मॅडम, काही हवंय का?" मी नाही म्हटलं.

काढलेली गाठ तपासायला आमच्याकडेच आली. मी हात लावला नाही. नव्या डॉक्टरने वाचली. मी तिच्या समोरच्या टेबलावर बसून दुसरीच स्लाइड वाचत होते, म्हणजे वाचायचं नाटक करत होते. वाचून झाल्यावर तिने विचारलं, "मॅडम, बघायची आहे का?" मी नको म्हटलं. तिचा रिपोर्ट बरोबर आहे, अगदी नेमका आहे. गाठ पूर्ण निघाली आहे, आणि ती आवाजाच्या त्या नसेत शिरलेली होती, म्हणून सर्जनना ती नस कापावी लागली. हे तुला त्यांनी सांगितलंच असेल. तुझा जीव वाचला याचा आनंद मला मोकळेपणी करता येत नाही.

तू आवाजाचं लपवलंस, तो तुझा दोष असेल. पण दुसऱ्यांदा त्या स्लाइडबरोबर आवाजाची बातमी नव्हती, गाठीचं वय नव्हतं, काहीच नव्हतं. तरी मला दिसलं. म्हणजे जूनमध्येही दिसायला हवं होतं. तेव्हा तू दिलेली सवलत मी घेत नाही.

काल शुक्रवार होता. बैठकीत मी उभी राहिले आणि म्हटलं, तो नंबर माझा आहे, पहिल्यांदा मीच वाचली होती, माझ्या वहिनीची होती, आणि कळल्यावरही मी फोन करायला उशीर केला.  सर म्हणाले, "नियम तुम्ही केला आणि तुम्हीच मोडला. आता उद्या ज्याचा नंबर येईल त्याला वाटेल, आपणही उभं राहायला हवं. मग कोण तोंड उघडणार?" बरोबर आहे त्यांचं. नव्या डॉक्टरला वाटेत गाठून माफी मागितली. ती म्हणाली, "मला वाटलं, माझीच असेल. मला आठवत नव्हती, म्हणून आणखी भीती वाटली. तेव्हापासून मी प्रत्येक स्लाइड पुन्हा पुन्हा बघते, तरी सही करायला हात धजत नाही." एवढं बोलून ती कामाला गेली.

सगळं सांगून टाकल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. थोडं वाटलं. त्याचीही लाजच वाटते.

शहाणी


८ जानेवारी

शहाणे,

सगळ्यांसमोर उभं राहून तुला थोडं हलकं वाटलं. मला वाटलं नाही. तुझे सर म्हणतात ते खरं आहे. त्या पोरीला मात्र सांगायलाच हवं होतं, तिला एकटीला, आणि पहिल्याच दिवशी. आता तिचा हात सहीला धजेपर्यंत तू तिच्या शेजारी बस. नियमाचं काय करायचं ते तुम्ही डॉक्टर लोक बघा.

माझा आवाज म्हणजे आता नुसती हवा आहे. पुढे थोडा भरेल म्हणतात, वर्गात पोचेल इतका नाही. शाळेला कळवलं आहे. ते लिहिताना रडले, ते तुला सांगायला हवं, कारण नाही सांगितलं तर तू मला संत समजशील आणि मग तुला ते सोपं जाईल.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवावी असं वाटत होतं. लपवून आपल्या दोघींचं काय झालं ते दिसतंच आहे, म्हणून लिहिते. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी विचारलं, "तुमचं कोणी या हॉस्पिटलात आहे का हो? मावशी म्हणत होत्या, खाली कोणाला तरी चिठ्ठ्या जातात." मी म्हटलं, "नाही, माझं इथे कोणी नाही." तुझ्या वेण्या घातलेल्या हातांनी पांघरूण ओढून घेतलं आणि तोंड भिंतीकडे केलं. तुझी लाज वाटली म्हणून नव्हे. "नणंद पॅथॉलॉजीत आहे" म्हटलं असतं की "मग आधी कसं नाही कळलं?" हा प्रश्न आला असता, आणि त्याचं अर्धं उत्तर माझ्याकडे होतं.

काल दादाला पाटीवर सगळं लिहून दाखवलं. आवाजाचं, डॉक्टरांना काय सांगितलं त्याचं, स्लाइड तुझ्याकडेच का पाठवली त्याचं. पाटी भरली की पुसायची, पुन्हा लिहायची. तो वाचत गेला. शेवटी पाटी माझ्या हातातून घेतली, खाली ठेवली आणि खिडकीपाशी जाऊन बसला. म्हणजे आता तो आपल्या दोघींशीही बोलत नाही. पण मघाशी मी बोटाने खालचा मजला दाखवला आणि "बोलावू का?" असं विचारलं, तेव्हा त्याने नकारार्थी मान हलवली नाही. त्याच्या मानेचा मला अनुभव आहे.

तेव्हा ये. भेटायला चार वाजता सोडतात. खांबाआड उभी राहू नकोस, सरळ खाटेपाशी ये, शेजारच्या बाईंनाही दिसू दे. दादा बोलणार नाही आणि मला बोलता येत नाही. जे काही बोलायचं आहे ते तुलाच बोलावं लागेल.

वहिनी